मोसाळचं पानेतर

मारोतरावांना डेंग्यू झाला होता, आणि ही गोष्ट मारोतराव सोडून सगळ्या मांडवाला माहीत होती.

काल मामेऱ्याला आलेल्या बायकांनी तर उपायसुद्धा सांगून ठेवले होते. पपईच्या पानांचा रस द्या म्हणावं. शहाळं द्या. कुणाच्या दिराला असाच झाला होता, तो पुढे महिनाभर भिंत धरून चालत होता. रत्नप्रभा प्रत्येकीला "हो हो, सांगते हं" म्हणत होती आणि प्रत्येकीगणिक नजर चुकवून ताटातली साडी सारखी करत होती. कारण भावाला हा आजार तिनंच दिला होता, परवा संध्याकाळी, थोरल्या जावेच्या, मंजुळाभाभीच्या स्वयंपाकघरात उभं राहून. आधी ती मलेरिया म्हणणार होती.

"मलेरिया नको," मंजुळाभाभी म्हणाली होती. "मलेरियात माणूस दोन दिवसांत उठून बसतो. डेंग्यू म्हण. कोणी पुढे विचारत नाही."

विचारत नाही! अख्खं यवतमाळ विचारत होतं.

पण दुसरं करणार तरी काय होती ती? लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचा मामा मामेरू घेऊन येतो. भाचीसाठी कपडे, चुडा, बहिणीसाठी साडी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पानेतर, लाल काठांची पांढरी साडी. ती नेसूनच मुलगी मंडपात येते. नवऱ्या मुलाची आई तरुलताबेन अमरावतीची. तिनं साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं, "आम्हाला काही म्हणजे काही नको, वेवाण. पानेतर तेवढं मोसाळचं पाहिजे." वेवाण म्हणजे विहीण, आणि मोसाळ म्हणजे आजोळ. आणि नवरी भैरवीचं आजोळ बोरी अरबला, कापूस-तुरीच्या शेतकऱ्याचं. त्या घरातून सरकी-ढेपीच्या गुजराती व्यापाऱ्याशी लग्न करून निघालेल्या रत्नप्रभेला भावानं पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आई होती तोवर ती तरी चोरून फोन करायची. वच्छलाबाई गेल्या आणि तीही तार तुटली.

जिच्या आईला माहेर नाही त्या पोरीवर सासरी कुणाचीही जीभ सैल सुटते. हे रत्नप्रभेनं दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नव्हतं, स्वतः भोगलं होतं. भैरवीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठीच ती गेल्या महिन्यात कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका, आणि नारळ घेऊन बोरीला जाऊन आली होती. मारोतराव ओसरीत बसले होते. "भाचीले मामाची साडी लागते, दादा," ती म्हणाली होती, "अन् मंडपात तिले तूच न्यायचं."

"पाहू," मारोतराव म्हणाले होते.

आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. रत्नप्रभेनं अमरावतीहून गुपचूप पानेतर आणलं, मंजुळाभाभीनं ते ताटात सजवलं, आणि काल सगळ्यांसमोर ते मामाच्या नावानं मांडलं गेलं. मामा आजारी. तेवढं एकच खोटं.

आणि आता, जान, म्हणजे वरात, यायला थोडा वेळ राहिला असताना, लोहाऱ्याच्या लॉनवर मंडपाच्या खांबांना झेंडूच्या माळा चढत असताना, तिचे यजमान नयनभाई घाईघाईनं तिच्याकडे आले. शेरवानीची गुंडी तुटलेली, चेहरा उतरलेला.

"रत्ना, तुझा भाऊ आला."

"कोण?"

"कोण काय? मारोतराव. वहिनी पण आहेत. आत्ता गाडीतून उतरले." नयनभाईंनी आवाज खाली घेतला. "आणि अगदी ठणठणीत आहेत गं."

रत्नप्रभेच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या भावाच्या वाटेकडे पंचवीस वर्षं डोळे लावून बसली होती, तो आला म्हणून आता तिला कुठे लपावं कळत नव्हतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण हे विघ्न तिनं स्वतः निमंत्रण देऊन बोलावलं होतं.

*

मारोतरावांना इथलं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. दारात एका पोरीनं गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पानी राहू दे," ते म्हणाले. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे ते बहिणीच्या लग्नाच्या दिवशी आईसमोर बोलून गेले होते. रागातलं बोलणं होतं. पण मारोतरावांचा स्वभाव असा की रागात बोललेलंच ते जास्त पाळत.

यायचं मात्र त्यांनी रत्ना नारळ घेऊन आली त्याच दिवशी ठरवलं होतं. 'पाहू' म्हणजे पाहू. त्यांच्या बायकोनं, विमलताईनं, दारव्ह्याला चार दुकानं फिरून पिवळी साडी घेतली होती, हिरव्या काठांची. मामाची पिवळी. नवरी ती नेसूनच बोहल्यावर चढते, आणि मामा तिच्या मागे उभा राहतो. यात विचारण्यासारखं काय आहे? विमलताईनं पिशवी सकाळपासून मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

नवरीच्या खोलीचं दार उघडलं आणि दोघंही उंबऱ्यातच थांबले. आरशासमोर भैरवी उभी होती. डोळे वच्छलाबाईंचे, हनुवटीही त्यांचीच. मग मारोतरावांची नजर साडीवर गेली.

"हे काय व?" ते म्हणाले. "पांढरं?"

विमलताईनं तोंडावर हात ठेवला. "अवो रत्नाबाई, पोरीच्या लग्नात पांढरं नेसवलं?"

"आमच्यात हे शुभ असतं, वहिनी," मंजुळाभाभी चटकन पुढे झाली. नयनभाईंच्या थोरल्या भावाची ती बायको, सगळं लग्न तिच्याच हातात होतं. "पानेतर म्हणतात. लाल काठ आहेत ना, पाहा."

"बरं, असंन. पन हे आनलं कोनं? साडी त मामाची लागते म्हने." मारोतरावांनी बहिणीकडे पाहिलं. "तूच म्हनली होती."

रत्नप्रभा मंजुळाभाभीकडे पाहू लागली, मंजुळाभाभी पंख्याकडे. बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं, "हॅलो, हॅलो."

"तुम्हीच आणलं, मामा," भैरवी म्हणाली. तिला खोटं जमत नसे आणि गप्प बसणं त्याहून जमत नसे. "काल मामेरू झालं ना, तेव्हा. म्हणजे तुमच्या नावानं ठेवलं. तुम्हाला डेंग्यू झालाय."

"काय झालं मले?"

"डेंग्यू."

मारोतराव खुर्चीवर बसले. खुर्चीवर कुणाचा तरी ओढणीचा सेट होता, तो विमलताईनं त्यांच्याखालून ओढून काढला.

"दादा, मामेरू काल होतं," रत्नप्रभा म्हणाली. बोलताना ती नकळत बोरीच्या बोलीत शिरली. "तू आला नाही. लोकं विचारून राह्यले होते. मंग मी काय सांगू?"

"मले काय मालूम काल होतं म्हनून? आपल्यात मामा लग्नाच्या दिवशी उभा राह्यते. आदल्या दिवशी येऊन काय मांडव खांदू?"

खरंच, आदल्या दिवशी ये हे रत्नप्रभेनं सांगितलंच नव्हतं. पांढरी साडी आण हेही सांगितलं नव्हतं. मामाची साडी एवढंच म्हणाली होती. इतकी वर्षं या घरात काढून तिला वाटत होतं की हे सगळ्या जगाला ठाऊक असतं.

"तू 'पाहू' म्हनला होता," ती पुटपुटली.

"मंग? पाह्यलंच ना?" मारोतरावांचा आवाज चढला. "एक फोन करता आला नाही तुले? दादा, येतं का, नाही येत, एवढं विचारता आलं नाही? सरळ आजारी पाडलं. मेलो म्हनून नाही सांगतलं, हेच उपकार."

"असं काहून बोलतं दादा..."

"मंग कसं बोलू? मी येनारच नाही हे तुह्या मनात पक्कं होतं. पक्कं नसतं त ही पांढरी साडी आनलीच नसती."

खरंच होतं ते. भाऊ येणार नाही हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की तो येईल याची तिनं तयारीच केली नव्हती. रत्नप्रभेला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथे जमीन फाटावी.

मारोतराव उठले. दाराकडे दोन पावलं टाकली. विमलताई जागची हलली नाही.

"कुठी चालले?" ती म्हणाली. "मी काही येत नाही. पोरीसाठी आलो आपन. भांडाचं असंन त उद्या भांडा, फोनवर."

तिनं पिशवीतून पिवळी काढली, आणि काय करावं न कळून तशीच धरून उभी राहिली. भैरवीनं ती तिच्या हातातून घेतली, घडी न मोडता खांद्यावर टाकली आणि पानेतरचा पदर वरून ओढला. बाजूनं पिवळी घडी आणि हिरवा काठ दिसत राहिला.

"भैरवी, ते दिसतंय," मंजुळाभाभी म्हणाली.

"दिसू दे, मोटी मम्मी."

मारोतराव बाहेर गेले. थांबायला गेले की गाडी काढायला, हे रत्नप्रभेला कळलं नाही, आणि विचारायला वेळही उरला नाही, कारण बँड वाजायला लागला होता. जान आली होती.

*

मंजुळाभाभी रत्नप्रभेचा हात धरून तिला दाराशी घेऊन आली. "हस थोडं," ती म्हणाली. "पोंखणं करायचं आहे, तेरावं नाही."

पोंखणं म्हणजे सासूनं जावयाला मंडपाच्या दारात ओवाळून घ्यायचं. ताटात बोटभर लांबीचं लाकडी मुसळ, तेवढीच रवी, तेवढंच जू. एकेक उचलून जावयावरून ओवाळायचं. शेवटी जावयाचं नाक पकडायचं, आणि त्यानं ते चुकवायचं. रत्नप्रभेनं मुसळ उचललं, ते हातातून निसटून ताटात पडलं. करवल्या हसल्या. तरुलताबेन हसली नाही. ती पाहत होती.

आणि नेमके तेव्हाच मारोतराव गर्दीतून पुढे आले. गेले नव्हते. ते ताटात वाकून बघत होते.

"हे पाह्य व," ते बायकोला म्हणाले, स्वतःच्या हळू आवाजात, म्हणजे चार माणसांना ऐकू जाईल असं. "जू हाय हे. यांनी कधी बैल पाह्यला नसंन अन् जू ओवाळून राह्यले."

तरुलताबेननं मान वळवली. "हे कोण?"

मंजुळाभाभीला बोलावंच लागलं. "भैरवीचे मामा."

"डेंग्यूवाले?"

"हो, तेच. राहवलं नाही, उठून आले."

"अरे बापरे!" तरुलताबेनचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि तेच वाईट झालं. "मग उभं का ठेवलंय? बसवा त्यांना. आणि हे बघा, मंडपात कन्येला यांनी आणायचं नाही हं. आमच्या नणंदेच्या लग्नात मामाला भोवळ आली, कन्या भर मंडपात पडली. जन्मभर बोलतात लोक. तुमचे भाई आलेत ना राजकोटचे? ते आणतील."

रमणीकभाई दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. केशरी साफा, हातात नारळ. मंजुळाभाभीनंच त्यांना बोलावलं होतं, मामा आला नाही तर असावं म्हणून. मंजुळाभाभीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तिच्या भावाला मामा म्हणून कुणी कधी हाकच मारली नव्हती. काल रात्री साफा बांधून बघताना तो म्हणाला होता, "मंजू, या जन्मात हे होईल असं वाटलं नव्हतं." आणि तो आरशासमोरून बराच वेळ हलला नव्हता.

रत्नाला या घरात आणल्यापासून मंजुळाभाभीनं सांभाळलं होतं. ढोकळा शिकवला, गुजराती शिकवलं, टोमणे कुठे ऐकायचे आणि कुठे ऐकून न ऐकल्यासारखं करायचं तेही शिकवलं. आत्ता एक वाक्य बोलायचं होतं, की मामा आता बरे आहेत, तेच आणतील. एवढंच.

"हो," मंजुळाभाभी म्हणाली. "रमणीकभाई आणतील."

शब्द तोंडातून गेले आणि तिला रत्ना दिसली. जावयाचं नाक पकडायला हात उचललेला, तो तसाच हवेत राहिला होता. जावई हसत मागे सरकला, सगळे ओरडले, "नाही सापडलं, नाही सापडलं!"

मंजुळाभाभीनं नजर खाली घातली. तिला स्वतःचा राग आला, पण शब्द परत घ्यावेसे मात्र वाटले नाहीत.

*

नवऱ्या मुलानं पायाखाली मातीचं संपुट फोडलं, मंडपात जाऊन बसला, आणि अंतरपट धरलेल्या मुलांच्या मागून महाराजांनी हाळी दिली, "कन्या पधरावो, सावधान!"

नवरीच्या खोलीबाहेर मारोतरावांना एका खुर्चीत बसवलं होतं. तरुलताबेनच्या माणसांनी त्यांच्या हातात शहाळं दिलं होतं, ते त्यांनी तसंच धरलं होतं. येणारा-जाणारा विचारत होता, "आता कसं वाटतं?" आणि ते मान हलवत होते. आपला भाऊ असा मुकाट्यानं बसलेला रत्नप्रभेनं जन्मात पाहिला नव्हता. मी पाडलं याला आजारी, ती मनाशी म्हणाली, आणि आता मीच त्याला भाचीपासून तोडते आहे.

रमणीकभाई पुढे झाले. भैरवी दारात उभी होती. तिनं रमणीकभाईंकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग आईकडे. तिच्याच तोंडाला आज कुलूप लागावं, म्हणजे कमाल होती.

"चला ना," तरुलताबेन म्हणाली. ती स्वतः न्यायला आली होती. "मुहूर्त चुकेल."

खरं सांगितलं तर पानेतरही उघडं पडणार. भैरवी सासरी पोचायच्या आधी तिची गोष्ट अमरावतीला पोचणार. नाही सांगितलं तर दादा हे शहाळं खाली ठेवून बोरीला जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. याची तिला पक्की खात्री होती. तिनं तोंड उघडलं.

"वेवाण, थांबा. माझा भाऊ आजारी नव्हता. ते सगळं मी..."

"नव्हता कसा?" मारोतराव म्हणाले.

ते उठले. शहाळं त्यांनी खुर्चीवर ठेवलं. ते लवंडलं, पाणी वाहत गेलं, कुणी लक्ष दिलं नाही.

"होतो ना, इहीनबाई," ते तरुलताबेनला म्हणाले, पण बघत होते बहिणीकडे. "लय होतो. पंचवीस वर्षं उठताच येत नव्हतं."

"पंचवीस दिवस म्हणतात ते," नयनभाई घाईनं म्हणाले.

"तेच. आता बरा झालो." मारोतरावांनी धोतराचा सोगा खोचला. "ये व माय."

आणि त्यांनी भैरवीला सरळ उचललं. पानेतर, पिवळी, दागिने, हार, सगळ्यासकट. भैरवीनं "मामा!" म्हणून त्यांच्या मानेला मिठी मारली. माणसं बाजूला सरली. मामानं कन्येला चालवत आणायचं असतं. उचलून आणणारे मामा फक्त जुन्या लोकांनी पाहिलेले, तेही मामा तिशीतले आणि भाच्या किडकिडीत असताना.

मारोतराव चालायला लागले. अर्ध्या वाटेपर्यंत त्यांची मान ताठ होती. पुढे मंडपाची पायरी आली, तिच्यावर पाय ठेवला आणि गुडघा लटपटला. भैरवीची पैंजणं वाजली. रत्नप्रभेनं डोळे गच्च मिटले. पडली. आता पडली.

"पाहुने!" मारोतरावांचा आवाज आला. "पाह्यता काय? तिकडून धरा!"

रमणीकभाईंच्या हातातला नारळ कुणी घेतला कोण जाणे. त्यांनी दोन ढांगांत येऊन भैरवीला पलीकडून पेललं. त्यांचा साफा सुटून गळ्यात आला. एक बोरी अरबचा, एक राजकोटचा, एकमेकांच्या कोपरांना पकडून, धापा टाकत, दोघांनी तिला पायरी चढवली आणि पाटावर ठेवली. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी जोरात वाजवलं.

"बघा!" तरुलताबेन विजयानं म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? डेंग्यूचा अशक्तपणा राहतोच. आणि काय हो, खांद्यावर हे पिवळं काय आहे?"

"तेही मोसाळचं," मंजुळाभाभी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज फुटत होता. "पानेतर काल दिलं. हे आज. तिला दोन मामा आहेत, वेवाण."

तरुलताबेननं पिवळ्या साडीकडे पाहिलं, मंडपाच्या खांबाला टेकून बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. "बरं आहे बाई," ती म्हणाली आणि अंतरपटाशी जाऊन उभी राहिली. तिला खरं किती कळलं, हे कुणालाच कधी समजलं नाही.

रत्नप्रभा ग्लास घेऊन आली. आणताना तिला भान नव्हतं. भावासमोर आल्यावर आईनं फोनवर सांगितलेलं त्याचं पाण्याचं बोलणं आठवलं आणि ती तशीच थबकली, ग्लास पुढे करावा की मागे न्यावा न कळून. मारोतरावांच्या कपाळावरून घाम निथळत होता. छाती भात्यासारखी चालली होती.

"डेंगू म्हने," ते धापा टाकत म्हणाले. "तुले दुसरं काही सुचलं नाही?"

"मलेरिया म्हननार होती," रत्नप्रभा म्हणाली, आणि हसायला गेली तिथं रडायलाच आलं.

"रडू नको. इहीन पाहून राह्यली."

त्यांनी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग तो तिच्याकडे परत धरला.

"आनखी आन," ते म्हणाले. "आजारी मानूस आहो मी."